पोचपावती आत्या

आमच्या आत्याच्या घरून निघणं सोपं, पण पोचल्याचं कळवल्याशिवाय सुटका नसायची. बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातून मी अंबरनाथला घरी यायचे, म्हणजे जेमतेम एक स्टेशन. तरी वाण्याच्या दुकानातून फोन करून "जयभीम आत्या, पोचले" म्हणेपर्यंत ती जेवायची नाही. आम्ही तिला पोचपावती आत्या म्हणायचो. तिला ते आवडायचं, असा माझा संशय आहे.

नव्वदच्या दशकात ती आनंदनगरला बटणांच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर होती. ध्यास एकच. जीन्सवाल्यांना बटणं विकणाऱ्या उल्हासनगरच्या दुकानात कॉम्प्युटरवर ऑर्डर लिहावी, ती टेलिफोनच्या तारेतून थेट कारखान्याच्या स्टॉकमध्ये उतरावी, मध्ये कुणी कागद खरडू नये. सुट्टीच्या दुपारी गॅलरीत बसून डोंगराकडे बघत ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणायची, "तिकडे जीन्स शिवायला घेतली, की इकडे बटणं आपोआप हलतील बघ." चहा निवून जायचा. आम्हाला वाटायचं, बाई कामातून गेली.

पण दर चाचणीत ऑर्डर अर्ध्यातच तुटायची. मालक वैतागले. पुढची फसली तर कॉम्प्युटर गुंडाळा आणि पुन्हा टायपिंगला बसा, असं त्यांनी बजावलं. तेव्हा आत्या मला घेऊन त्या दुकानात गेली. दुकानाचे सिंधी शेठ म्हातारे, मायाळू. ऑर्डर पाठवायला फोनच्या तारेला जोडलेलं मशीन किरकिरायला लागलं आणि शेठनी हळूच त्याच लाइनीवरचा रिसीव्हर कानाला लावला. लाइन तुटली.

"साईं, ये क्यों उठाया?"

"बेटी, पता तो चले, उधर किसी ने सुना कि नहीं."

मला हसू फुटलं. परतताना आत्या म्हणाली, "त्यांचं काय चुकलं गं? मी नुसती ऑर्डर घेत होते. पोचली म्हणून कुठे सांगत होते?"

मग तिने कारखान्याच्या कॉम्प्युटरला स्टॉक बघून उत्तर द्यायला शिकवलं. शेवटच्या चाचणीला शेठ रिसीव्हरवर हात ठेवूनच बसले होते. पडद्यावर उमटलं, 'ऑर्डर मिल गया साईं. बटन है. कल निकलेगा.' शेठनी हात काढून घेतला आणि पडद्याला नमस्कार केला. कॉम्प्युटर राहिला, आत्याही राहिली.

आता काहीही मागवलं की मोबाइलवर लगेच पोच येते. मला तिचा निवलेला चहा आठवतो आणि जीव हळवा होतो.

गेल्या वर्षी आत्या गेली. तिला पोचवून घरी आले, चपला काढल्या आणि सवयीनं तिचा नंबर लावला. घंटी वाजत राहिली. ताट वाढलेलं होतं. मी जेवले नाही.