हुरडा शेतात, मडकं देवळात

"हुरड्याला ये. आन् मतदान बी हाय," असा गयाआत्याचा फोन आला. पहिलं वाक्य ऐकूनच मी मनात रजा टाकली होती, त्यामुळे दुसऱ्याकडे माझं लक्षच नव्हतं.

आत्या राहते शिरूर कासारच्या पुढे. पुण्याहून एसटीने नगर, मग पाथर्डी, मग शिरूर. बायकांना अर्धं तिकीट. वाचलेले पैसे मी करंजी घाटाआधी भज्यांत घातले आणि घाटातल्या प्रत्येक वळणावर पस्तावले. शिरूरहून रिक्षा मिळते. आत्याच्या वस्तीपर्यंत नकाशात रस्ता दिसतो, पण नकाशावर विसंबू नका. रिक्षावाल्याने मला ओढ्यापाशीच उतरवलं.

"पुढे का नाही येत?"

"ताई, रिक्षा माजी हाय, सरकारची न्हाई."

पुढे दगडगोट्यांतून पायपीट. बूट घालून जा. माझ्या सँडलचा पट्टा तुटला आणि उरलेला रस्ता मी लंगडत काढला.

हाच रस्ता करून घ्यायचा म्हणून आत्याला ग्रामपंचायतीला उभं राहायचं होतं. पण तिच्याच पॅनलमधून, त्याच वॉर्डातून शब्बीरचाचांनाही उभं राहायचं होतं. चाचा विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करतात, भला माणूस. दोघं उभी राहिली तर मतं फुटणार, म्हणून पॅनलने ठरवलं की आधी वॉर्डानेच दोघांतला एक निवडावा. सकाळपासून त्याच रस्त्यावरच्या मारुतीच्या देवळात मडकं ठेवलेलं. आत्याला द्यायचं तर ज्वारीचा दाणा टाकायचा, चाचांना द्यायचं तर हरभऱ्याचा. ऊन कललं की मडकं उघडायचं.

निम्मा वॉर्ड ऊसतोडीला गेलेला. उरलेले घराबाहेर पडावेत म्हणून आत्याने शेतात हुरडा ठेवला. हुरडा खाऊन लोक तसेच देवळात जातील, असा तिचा अंदाज.

उरलेला अख्खा वॉर्ड आला. आगटीत कणसं भाजली जात होती, गरम दाणे हातावर पडत होते, सोबत लसणाची चटणी, दही, गूळ. चाचाही आले. "गयाबाई, विरोधक म्हणून न्हाई, भूक लागली म्हणून आलो."

खाऊन झालं की जो तो रस्त्याकडे बघायचा आणि पुन्हा सतरंजीवर बसायचा. "समदे जात्यातच की. एका माज्यानं काय होतंय?" शेजारचे काका म्हणाले. दुसरे म्हणाले, "त्या रस्त्यानं गेलं तर हुरडा जिरून पुन्हा भूक लागंल." मग त्यांनी आणखी मागितला.

ऊन कललं. देवळातले गुरवमामा मडकं डोक्यावर आणि ज्वारी-हरभऱ्याच्या पिशव्या हातात घेऊन धापा टाकत शेतात आले. सतरंजीवर मडकं उपडं केलं. दोन दाणे पडले. एक ज्वारीचा, एक हरभऱ्याचा.

"ज्वारी कोनाची?" मामांनी विचारलं.

चाचा खाकरले. "माजी. दुकान उघडायच्या आधी टाकली. सोताचंच नाव कसं घ्यायचं? बरं दिसत न्हाई."

"आन् हरभरा माजा," आत्या म्हणाली. "दिवा लावाया गेलते तवा टाकला."

"तुमी मला कावून टाकलं?" चाचा चिडले.

"तुमी मला कावून टाकलं?"

मला हसून हसून ठसका लागला. पण आत्याचे डोळे भरले होते. "सुनंला कळा लागल्या तवा बाजंवर घालून ओढा पार केला. बाज उचलाया समदे आलते. आता एक दाना टाकाया कुनी न्हाई?"

सगळे खाली बघायला लागले. मला माझ्या हसण्याची लाज वाटली.

आत्या उठली. सतरंजीकडेच्या सगळ्या चपला तिने गोणीत भरल्या आणि गोणीवर बसली. भोवती रानभर काटेरी सराटे पसरलेले. अनवाणी माणूस बांधापर्यंतही पोचला नसता.

"दाना टाका, चप्पल न्या."

"गयाबाई, ही दादागिरी हाय!" काका ओरडले.

"हाय."

काकाच पहिले उठले. कोण कुणाला टाकतंय ते दिसू नये म्हणून मूठ मडक्यात घालून दाणा सोडायचा. बघता बघता आलेल्या सगळ्यांचं मतदान झालं. मामांनी पुन्हा मडकं उपडं केलं. हरभरे थोडेच, बाकी ज्वारीच ज्वारी.

चाचा म्हणाले, "ही बाई हुरड्यावरून मानसं उठवती, तालुक्याचे साहेब बी खुर्चीवरून उठवंल. पत्रकं मी वाटतो. पन आदी माजी चप्पल द्या."

परतताना हुरड्याची पिशवी घेऊन ओढ्यापर्यंत पुन्हा चालले, या वेळी आत्याच्या जुन्या चपला घालून. आत्या उभी राहतेय याचा मला भलताच अभिमान वाटत होता.

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीत पाण्यावरून मीटिंग होती. खाली सेक्रेटरी आणि मी, दोघंच. वर चढताना बघितलं तर प्रत्येक दारापुढे चपला, म्हणजे सगळे घरातच.

मी घरी गेले, आत्याच्या हुरड्याची पिशवी रिकामी केली आणि ती घेऊन पुन्हा जिन्यात आले.