सात नंबरचा बिल्ला

चटणी कांडून झाली की गंगाक्का शेवटी उखळीत मूठभर खडेमीठ टाकायची. कोल्हापुरात चटणी कांडायच्या यंत्राला डंक म्हणतात. विजेच्या मोटरीवर लोखंडी मुसळं धाडधाड वरखाली होत आणि उखळीच्या कडांना चिकटलेली मिरची, लसूण, खोबरं सगळं त्या मिठाला लागून येई. ते लालभडक मीठ ती ज्याचं त्याच्या डब्यात भरायची आणि उखळ कोरड्या फडक्यानं पुसून घ्यायची. दुसऱ्या कितीतरी डंकांवर ही मागं राहिलेली चटणी मालकाची असे. दिवसभरात बरीच साठे, ती खानावळींना जाई. गंगाक्का म्हणायची, "लोकाच्या उखळीतलं खरवडून मला माडी बांधायची न्हाय."

राजारामपुरीच्या मागच्या अंगाला तिची पत्र्याची शेड होती. गंगाक्का सीमेकडच्या लिंगायत घरातली. कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, मिरचीच्या धुरळ्यानं डोळे बारा महिने लाल. हिशेबाला कन्नड, भांडायला मराठी. नवरा गेल्यावर तिनं डंक टाकला आणि मुलाला, शिवलिंगला, त्यावरच वाढवलं. आलेल्या प्रत्येकीला ती नंबर ठोकलेला पत्र्याचा बिल्ला द्यायची आणि बाकावर बसवायची. ज्याची मिरची त्यानं पुढ्यात बसायचं, हा तिचा कायदा. आपल्या मिरचीत दुसरं काही पडत नाही, हे गिऱ्हाइकानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं पाहिजे, असं तिचं म्हणणं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी चंदगडहून बी. ए. करायला कोल्हापूरला आले. आमच्या घरात तोवर कुणी मॅट्रिकच्या पुढं गेलं नव्हतं. आमची वस्ती गावाच्या बाहेरची. खोली बघायला गेले की आडनाव विचारलं जायचं आणि मग खोली आधीच गेलेली असायची. गंगाक्कानं आडनाव विचारलंच नाही. शेडमागची खोली उघडून ती एवढंच म्हणाली, "ठसका लागंल. अभ्यास हुईल का तुझा?"

आमच्याकडं पाऊस दांडगा. चटणीला श्रावणापर्यंत बुरशी यायची. हे ऐकून गंगाक्कानं आईला निरोप धाडला, की एकदा माझ्याकडं कांडून बघा, उखळ कोरडी असली की चटणी वर्षभर हलत नाही. पुढच्या उन्हाळ्यात आई पिशवीत मिरची घेऊन एस. टी. नं आली. तिला सात नंबरचा बिल्ला मिळाला. आठ नंबर होता एका बंगल्यातल्या वहिनींचा. त्यांच्या भिशीतल्या पंधरा-वीस घरांची चटणी दरवर्षी त्यांच्यामागून इथंच यायची. गंगाक्काचा अर्धा हंगाम त्या एका बाईवर होता.

बाकावर बसल्या बसल्या वहिनींनी आईला गाव विचारलं, मग आडनाव विचारलं. आईनं सांगितलं. वहिनी थोडं सरकून बसल्या आणि गंगाक्काला म्हणाल्या, की माझं आधी घ्या, नाहीतर यांच्यानंतर उखळ पाण्यानं धुऊन द्या.

आई लगेच म्हणाली, "मी मागनं घेते की. मला कुठं घाई हाय?"

आणि मी, कॉलेजात समतेवर निबंध लिहून बक्षीस मिळवलेली मी, आईच्या हातातला बिल्ला काढून घेतला आणि वहिनींपुढं धरला. आमच्यामुळं गिऱ्हाईक तुटलं तर खोली जाईल ही भीती होती. खोली गेली की कॉलेज गेलं.

गंगाक्कानं मोटर बंद केली. तिनं माझ्या हातातला बिल्ला घेतला, परत आईच्या मुठीत दाबला आणि वहिनींकडं वळली.

"वैनी, पाणी लागलं की चटणी नासती. आणि ह्यो लोखंडाचा डंक हाय. त्येला गंज ठावा हाय, इटाळ ठावा न्हाय. बसायचं असलं तर आठ नंबर तुमचाच हाय."

वहिनी मिरची उचलून गेल्या. त्या आठवड्यात त्यांच्या मागची सगळी घरं गेली. दोन गल्ल्यांपलीकडं एकानं नवा डंक टाकला होता. तो मागाल तेव्हा उखळ धुऊन द्यायचा. आमच्याकडं ऐन वैशाखात बाक रिकामा. शिवलिंग चिडला. दोन तांबे पाण्यानं काय बिघडतंय, डंक विकायची पाळी आणतीस काय, असं तो गंगाक्कावर ओरडला. ती मिरचीची देठं खुडत होती. म्हणाली, "आज पाणी घालीन. उद्या दोन बाकं करीन. परवा मागच्या खोलीतली पोरगी भाईर काढीन. कुठं थांबायचं ते तू सांग, तितं थांबती."

शिवलिंगनं मिरचीची पाटी पुढं ओढली आणि तोही देठं खुडायला बसला.

मला ती त्या प्रसंगावरून एकदाच बोलली. "आईचा नंबर दुसऱ्याला द्यायचा तुला अधिकार कुणी दिला गं?" मी रडले. तिनं समजूत घातली नाही. पत्र्याचा तुकडा आणि रंगाचा डबा पुढं सरकवला आणि बोर्ड लिहायला बसवलं: "नंबर येईल तसे कांडून मिळेल. अर्धा किलोसुद्धा."

ते अर्ध्या किलोचं तिचंच डोकं. दोन किलोच्या खाली कुठलाच डंक मिरची घेत नसे, म्हणून झोपडपट्टीतल्या बायका घरीच खलबत्त्यात कुटत. गंगाक्का स्वतः तिथं फिरली, यंदा डंक मोकळा आहे, या म्हणाली. त्या आल्या. अर्ध्या किलोलाही तेवढंच मीठ, तेवढंच पुसणं. तो हंगाम कसाबसा निघाला. मोटर जळली तेव्हा तिच्या हातातल्या पाटल्या गेल्या. तरी बोर्ड उतरला नाही.

वहिनींच्या चटणीला त्या पावसाळ्यात बुरशी आली, असं कुणीतरी हसत सांगितलं. गंगाक्का हसली नाही. "एवढी मिरची वाया गेली," म्हणाली. दोन-तीन वर्षांनी वहिनी परत आल्या. गंगाक्कानं काही विचारलं नाही, अकरा नंबरचा बिल्ला दिला. त्या दुपारभर बाकावर बसून राहिल्या.

मी शिक्षिका झाले. पहिली नेमणूक शिरोळकडं मिळाली. पेढे घेऊन गेले तेव्हा तिनं आधी विचारलं, वर्गात पोरांना कशी बसवतेस म्हणून.

दहाएक वर्षांनी ऐन हंगामात गंगाक्का गेली. लिंगायतांत माणसाला बसवून समाधी देतात, भोवती विभूती आणि मीठ घालतात. शिवलिंगनं मिठाची पाटी समाधीच्या खड्ड्याच्या काठावर ठेवली होती. बायकांची रांग लागली. आईला बघून कुणीतरी म्हातारा म्हणाला, की घरच्यांचं होऊ दे, तुम्ही जरा मागं थांबा. आई सवयीनं मागं सरली. या वेळी मी तिचा हात धरून ठेवला.

शिवलिंगनं मान वर केली. "कुणी मागं-पुढं हुयाचं न्हाय," तो म्हणाला. "आक्काची रांग हाय ही."

आईनं पाटीतून मूठभर मीठ घेतलं आणि खाली सोडलं. तिच्या मागं वहिनी उभ्या होत्या. त्यांनी त्याच पाटीत हात घातला.