एकट्यानं चालवायचं गिरमिट

खड्डे पाडायचं मशीन निवडण्याचा मान आमच्या घरात मला मिळाला. घरातल्या कुणालाच मशीनमधलं काही कळत नव्हतं. मलाही कळत नव्हतं, पण ते फक्त मला ठाऊक होतं.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. सांगोल्याच्या अलीकडं आमचं थोडं रान. रान म्हणजे काय, वीतभर माती आणि खाली मुरूम. असा मुरूम की कुदळ मारली तर मुरमाला काही होत नसे, कुदळीलाच लागायचं. तिथं आम्ही डाळिंब लावायचं ठरवलं. दीडशे रोपं आणून विहिरीच्या कडेला सावलीत मांडली, आणि मग आमच्या ह्यांच्या ध्यानात आलं की रोपांना खड्डेही लागतात. पाऊस तोंडावर आलेला. त्याआधी खड्डे झाले नाहीत तर रोपं जागच्या जागी वाळून जाणार.

तुम्ही म्हणाल, एवढं काय, भावाला हाक मारायची. भाऊ होते की! थोरले भावजी बांधाच्या पलीकडंच राहत होते, आणि मुरूम फोडण्यात त्यांचा हात धरणारा गावात कुणी नव्हता. पण आमचं बोलणं बंद होतं. का, तर वाटणीत पाटा गेला जाऊबाईंकडं आणि वरवंटा आला माझ्याकडं. (हसू नका. पाच माणसांसमोर झालेली वाटणी आहे.) मी म्हटलं, पाटा द्या. त्या म्हणाल्या, वरवंटा द्या. झालं! दोन वर्षं दोन्ही घरं चटणी खलबत्त्यात कुटून खात होती, आणि दोघे सख्खे भाऊ एकमेकांकडं पाठ करून आपापल्या रानात राबत होते. ह्यांच्या मनात काही नव्हतं हो. भांडणाची राखण मी करत होते.

तेवढ्यात ह्यांनी बातमी आणली. सोलापुरात नव्या पेठेच्या मागं एका दुकानात तारेचे खांब रोवणाऱ्या ठेकेदाराची दोन मशिनं विकायला आलीत म्हणे. सुताराचं गिरमिट असतं ना, अगदी तसंच, फक्त माणसाच्या छातीइतकं उंच आणि वर पेट्रोलचं इंजिन. दोरी ओढली की सुरू, आणि डोळ्यांदेखत जमिनीत खड्डा. हे म्हणाले, तू चल, तुला पारख आहे. (मी लुगडं चांगलं निवडते, वांगी चांगली निवडते. तेवढ्यावर ह्यांनी मला गिरमिटापर्यंत नेऊन पोचवलं.)

दुकानदार अप्पा म्हणून होते, घरी कानडी बोलणारे, गिऱ्हाइकाशी मराठी. स्वभावानं सरळ माणूस. त्यांनी दोन्ही मशिनं पुढं ठेवली. एक लाल, सुबक, दोन्ही मुठी एकाच माणसाच्या हाताला येतील अशी. दुसरं हिरवं, रंग उडालेलं, आणि त्याच्या दोन बाजूंना लांब दांडे. एक दांडा एका माणसानं धरायचा, दुसरा दुसऱ्यानं.

मी लालवर टिचकी मारून बघितली. आवाज चांगला आला. कशाचा ते माहीत नाही.

अप्पांनी विचारलं, "जमीन कसली हाय बाई तुमची? मुरूम आसंल तर दोघांचंच घ्या. एकट्याला आवरायचं न्हाय ते."

आता खरं सांगायची वेळ होती. पण त्या हिरव्या मशीनचा दुसरा दांडा बघितला आणि माझ्या डोळ्यांपुढं भावजीच उभे राहिले. गावात रोजगार हमीची कामं चाललेली, गडी मिळत नव्हता. दुसरा दांडा धरायला भावजींनाच बोलवावं लागलं असतं. म्हणजे जाऊबाईंच्या दारात जाणं आलं, आणि म्हणजे पाटा त्यांचाच झाला! मी पदर सारखा केला आणि म्हणाले, "आमची जमीन? लोण्यासारखी हाय की."

ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग छताकडं पाहिलं. बिचाऱ्यांना वाटलं असेल, मशीनच्या भाषेत मुरमाला लोणी म्हणत असतील.

अप्पांनी मागच्या परसात राखेच्या ढिगात ते लाल मशीन चालवून दाखवलं. श्रीखंडात चमचा जावा तसं आत गेलं. मी मोठ्या पारखी चेहऱ्यानं मान डोलावली. मशीन एसटीच्या टपावर चढलं आणि आम्ही गावाला आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी निम्मा गाव रानात. मशीन बघायला कुणाला बोलवावं लागत नाही. बांधापलीकडं भावजी आणि जाऊबाई (त्यांना सगळे आक्का म्हणत) औतापाशी उभे. आम्ही दिसतच नाही असं दाखवत होते, पण दोघांची तोंडं आमच्याकडंच होती. मी ह्यांच्या कानाला लागले. म्हटलं, "आक्का बघतायत. काय बी झालं तरी मूठ सोडायची न्हाय."

आयुष्यात ह्यांनी माझं एवढं एकच ऐकलं.

मशीन सुरू झालं. वीतभर माती गिरमिटानं झकास काढली. लोक म्हणाले, वा. मग खाली मुरूम लागला आणि गिरमिट अडकलं. पण इंजिनाला ते कोण सांगणार? त्याचं फिरायचं काम त्यानं चालूच ठेवलं. गिरमिट फिरेना, तेव्हा मशीन फिरायला लागलं. आणि मशीनला हे लटकलेले, तेव्हा हेही फिरायला लागले. पहिल्या फेरीत टोपी गेली. दुसऱ्या फेरीत एक वहाण गेली. मी ओरडतेय, "अहो, सोडा!" पण सकाळची आज्ञा आताच्या आज्ञेपेक्षा मोठी. मूठ दाबलेली तशीच, आणि मूठ दाबली की इंजिन आणखी जोरात. प्रत्येक फेरीला त्यांचं तोंड माझ्याकडं यायचं, आणि त्यावर एकच प्रश्न असायचा, की अजून किती?

तिसऱ्या फेरीला हात निसटला. हे बांधावरून उडाले आणि पलीकडं, भावजींच्या नांगरटीत, बसल्या बसल्या उतरले. दोन वर्षांत त्या रानात पाऊल टाकलं नव्हतं. आताही पाऊल टाकलं असं काही म्हणता येणार नाही.

भावजी सावकाश चालत त्यांच्यापाशी आले. वाकून बघितलं.

"आलास?" ते म्हणाले.

"आलो," हे म्हणाले.

आणि दोघंही हसायला लागले. हे तर एका हातानं खांदा धरून, कळवळत हसत होते. आक्का पळत जाऊन हळद गरम करून घेऊन आल्या. हळद लावायला त्या, पाणी द्यायला भावजी, आणि मी बांधाच्या अलीकडं ह्यांची वहाण हातात घेऊन उभी.

खांदा उतरला नव्हता, पण चांगलाच दुखावला होता. पंधरा दिवस हात गळ्यात. ढग रोज जमायला लागलेले आणि रोपांची पानं खाली झुकलेली. शेवटी भावजीच आमच्या अंगणात येऊन म्हणाले, मशीन बदलून आणू. आणि ह्यांना हलता येत नव्हतं, म्हणून मला बरोबर घेऊन गेले.

अप्पांनी आम्हाला लांबूनच ओळखलं. लाल मशीन बघितलं आणि साध्या मनानं विचारलं, "काय झालं बाई? तुमची जमीन लोण्यासारखी म्हनला हुता की."

भावजींनी हळूच माझ्याकडं वळून बघितलं. म्हणाले, "लोणी व्हय?"

दुकानात बोल्टांची पेटी होती. मी त्यातले बोल्ट मोजायला लागले.

हिरवं मशीन टपावर चढलं. गाडीत भावजी पुढच्या बाकावर, मी मागं. मंगळवेढ्याच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा मागं न बघताच म्हणाले, "मला बोलवाय लागंल म्हनून हे दोघांचं घेतलं न्हाय व्हय?"

मी म्हटलं, "व्हय."

"हाक मारली आसती तर आलो आसतो की सुमन. मशीन न्हाय, पहार घिऊन आलो आसतो."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाला मी उत्तर देऊ शकते. त्यांनी उतरून माझ्यासाठी चहा आणला.

दुसऱ्या दिवशी खड्डे सुरू झाले. एक दांडा भावजींनी धरला. दुसऱ्या दांड्याला माणूस नाही. ह्यांचा हात गळ्यात. मी पुढं झाले, पण मी पडले सहा पासऱ्यांची, वाऱ्यानं उडणारी. गिरमिट अडकलं असतं तर मला शोधायला मंगळवेढ्याला जावं लागलं असतं. आक्कांनी पदर खोचला, पाय रोवले आणि दांडा धरला. मुरूम करकरत वर यायला लागला. जिथं गिरमिट हटून बसायचं तिथं भावजी पहार घालायचे. माझ्या डाळिंबाचे दीडशे खड्डे चार दिवसांत माझ्या जावेनं पाडले. मी पाणी देत होते, आणि कुणी बघत नसलं की खाली बघत होते.

शेवटच्या खड्ड्याला पुन्हा सगळा गाव जमला. सरपंच मशीनभोवती फिरून आले. "झ्याक हाय की मशीन. निवडलं कुनी?"

आक्कांनी घाम पुसला आणि ठणठणीत आवाजात म्हणाल्या, "आमच्या धाकटीनं."

त्या बाईला लोण्याचं सगळं माहीत होतं. भावजींनी पहिल्याच रात्री सांगितलं असणार. तरी म्हणाल्या. भावजी माझ्याकडं बघत होते, हे बघत होते, गाव बघत होता. जमिनीत शिरायला दीडशे खड्डे तयार होते. खरं बोलायला याहून चांगली वेळ माणसाला आयुष्यात पुन्हा येत नाही.

मी पदर सारखा केला आणि म्हणाले, "व्हय. बघताक्षणीच वळखलं मी."