विस्कॉन्सिनची गाय

माझ्या सासऱ्यांचा या जगात कशावरही विश्वास नाही. देवावर आहे म्हणतात, पण तोसुद्धा त्यांनी एकदा उघडून, आत माल बरोबर भरलाय ना, हे बघून घेतला असणार. त्यांचा उभा जन्म नागपूरच्या जकात नाक्यावर गेला. ट्रक आला की ताडपत्री काढायची, पोतं सोडायचं, माल मोजायचा आणि परत बांधायचा. ही सवय हाडात इतकी मुरलेली, की आमच्याकडे अमेरिकेत, हर्नडनला राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी टिश्यूपेपरचा नवा खोका उपसून एकेक कागद मोजला. "जावईबापू, तीन कमी!" असं सांगताना त्यांचा चेहरा असा उजळला होता, की मला अमेरिका फसवी निघाल्याचा आनंदच झाला.

अशा माणसाच्या हातात बँकेचा नाण्यांचा रोल पडला, मग काय विचारता! आमच्या जवळच्या दुकानात सामानाची गाडी सोडवायला क्वार्टर, म्हणजे पंचवीस सेंटचं नाणं घालावं लागतं, म्हणून मी एक रोल आणला. कागदाच्या नळीत गच्च बसवलेले चाळीस क्वार्टर. बाबांनी नळी हातात घेऊन वजन केलं आणि विचारलं, "चाळीसच आहेत कशावरून?" म्हटलं, बँकेनं दिलेत, बाबा. "दिले बँकेनं. मोजले कोणी?" झालं, फोडला रोल! भरले चाळीसच, पण त्यात एक जुनं, चांदीचं नाणं निघालं. जुनी नाणी चांदीची असायची. कडेला तांब्याची रेघ दिसली नाही की समजायचं. त्या एका नाण्यानं माझं आयुष्य बदललं. तेव्हापासून दर बुधवारी मी एका बँकेतून रोल आणतो, शनिवारी बाबा ते तपासतात आणि सोमवारी मी ते दुसऱ्या बँकेत नेऊन भरतो. ऑफिसात मला लोक आर्किटेक्ट म्हणतात. घरी मी हमाल आहे.

शनिवारी आमच्या डायनिंग टेबलाचा नाका होतो. आधी खाली जुना टॉवेल, कारण "आवाज झाला तर मोजणी चुकते". मग प्रत्येक नाण्याची कड बघायची, पाठ बघायची आणि खणखणीत मराठीत मोजत दहा-दहाच्या चवडी रचायच्या. तेवढ्यात कोणी नुसतं "चहा घेता?" विचारलं, तरी पुन्हा एकपासून सुरुवात. मोजून झालं की नवी कागदी नळी, आणि टोकाला किराणा दुकानातल्या पुडीसारखी कडक, चौकोनी घडी. एकदा एका रोलमध्ये एक्केचाळीस निघाले, तर वरचं नाणं परत करायला स्वतः बँकेत आले. काउंटरवरची मुलगी हसून म्हणाली, "कीप इट, सर." बाबा ताठ उभे राहून म्हणाले, "नो कीप!" मागे रांग वाढत होती, माझे कान तापले होते, आणि हे पावती मागत होते. हल्ली ती मुलगी त्यांना लांबूनच "हाय, अंकल!" करते आणि मी दिसलो की बिचारी खालचा, रोलचा ड्रॉवर उघडते.

सासूबाई गेल्यावर बायकोनं बाबांना इकडे आणलं. ग्रीन कार्डही झालं. पण तिला सतत एकच धास्ती, की बाबा आता जायचं काढणार. त्यांचं मन रमावं म्हणून तिनं पुठ्ठ्याचा एक नकाशा आणून दिला. त्यात पन्नास भोकं, प्रत्येक राज्याचं वेगळं क्वार्टर बसवायला. बाबा खूश झाले आणि तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं, "हा नकाशा भरला का मी नागपूरला चाललो. अर्धं काम टाकून मी कधी उठलो नाही." पोरीचा चेहरा पडला. आणलेला नकाशाच तिच्यावर उलटला होता.

नकाशा भराभर भरला आणि एकोणपन्नासवर अडला. राहिलं एकटं विस्कॉन्सिन. त्याच्या नाण्यावर गायीचं तोंड आहे, शेजारी चीज आणि मक्याचं कणीस. मग आमच्या घरात एकच विषय. नागपूरहून फोन आला तरी तब्येतीच्या आधी विचारणा, "गाय सापडली का?" मला मात्र नवल वाटायचं. वायोमिंगचा घोडेस्वार डझनभर वेळा आला, टेनेसीची सारंगी येऊन येऊन कंटाळा आला, आणि एक गाय म्हणून दिसू नये?

एका गुरुवारी मी घरूनच काम करत होतो. दुपारी चहा करायला खाली आलो. बाबा आत झोपले होते. बायको मीटिंगमध्ये म्यूट करून ओट्याशी उभी, पुढ्यात शनिवारचे रोल. एका रोलचं टोक सोडून तिनं नाणी चाळली, एक काढलं, दुसरं घातलं आणि टोक पुन्हा दुमडलं. मला बघून दचकली. मग भगरीच्या डब्यामागचा छोटा डबा काढून दाखवला. आत अकरा गायी!

"यार, तू एक शब्द बोलणार नाहीयेस," ती म्हणाली. डोळे भरून आले होते. "नागपूरच्या त्या फ्लॅटमध्ये ते कोणाशी बोलतील रे?" जकात नाक्यावरच्या माणसाच्या घरात राजरोस तस्करी चालली होती, आणि त्या क्षणापासून मीही तिच्यात सामील झालो.

गेल्या शनिवारी ती भाजी आणायला गेली होती. मी आणि बाबा टेबलाशी. त्यांनी एक रोल उचलला, खिडकीकडे धरला आणि शांतपणे म्हणाले, "हा उघडलेला आहे."

मी घाईघाईनं पुढचा रोल त्यांच्यापुढे सरकवला. "बँकेत उघडला असेल, बाबा."

"जावईबापू, जन्मभर दुसरं केलं काय मी?" त्यांनी नळीचं टोक माझ्यापुढे धरलं. कागदाला बारीक, एकीवर एक अशी मुरड घातलेली. "ही मुरड पाहा. पोरीची आई करंजीला अशीच घालायची. शेवटची चुणी आत दाबून. बँकेचं मशीन घालते होय अशी?"

"मग तुम्हाला... कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्या शनिवारपासून."

"आणि बोलले काहून नाही?" मी गडबडीत त्यांच्याच बोलीत विचारलं.

ते हसले नाहीत. जरा वेळ मुरडीवरून अंगठा फिरवत राहिले. "पोरगी एवढा खटाटोप करून राहिली मला ठेवून घ्यायला. आपण कशाला बोलावं?"

मग त्यांनी रोल उलटा केला आणि दुसऱ्या टोकानं उघडला. मुरडीला धक्काही लागू दिला नाही. नाणी मोजली, चाळीस भरली. रिकामी नळी अलगद चपटी करून सदऱ्याच्या खिशात ठेवली. खिशात तशा आणखी दोन-तीन होत्या.

तेवढ्यात गॅरेजचं दार वाजलं. बायको पिशव्या घेऊन आत आली आणि आल्या आल्या, अगदी सहज विचारल्यासारखं, तिनं विचारलं, "बाबा, सापडली का गाय?"

"कुठची बाई!" बाबा नवी नळी उघडत म्हणाले. "पुढच्या शनिवारी पाहू."