झेंडी पडली होती का?

मी एसटीत कंडक्टर होते, त्यामुळे प्रश्न विचारायची सवय अंगात मुरलेली. कुठे जायचं, किती जण, पोरगं किती वर्षांचं, आणि चार वर्षांचं असेल तर मांडीवरचं दप्तर तिसरीचं कसं? निवृत्त झाल्यावर नालवाडीच्या पलीकडे भावाच्या भाजीच्या वाडीला लागून घर बांधलं, पण सवय काही सुटली नाही. लोक मला तोंडावर ताई म्हणतात आणि पाठीमागे सीआयडी. म्हणोत बापडे.

भाऊ माझ्याहून थोरला. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर पिकवतो आणि वर्ध्याच्या बाजारात नेतो. पण आमच्या जिल्ह्यात त्याला ओळखतात ते भाजीमुळे नाही, झेंडीमुळे. आमच्याकडे बैलजोड्यांच्या शर्यतीला शंकरपट म्हणतात. दोन जोड्या शेजारी उभ्या राहतात, झेंडी पडली की सुटतात. एखादी जोडी आधीच सुटली तर तो पट धरत नाहीत, पुन्हा पळवतात. सगळी भांडणं इथेच होतात. जोडी हरली की मालकाला हटकून वाटतं, समोरची आधी सुटली. म्हणून झेंडी अशा माणसाच्या हातात लागते, ज्याचा शब्द हरलेला मालकही खाली पडू देत नाही.

भाऊ तरणा होता तेव्हापासून लोक त्याला त्या कामासाठी न्यायला येतात, थेट तळेगावाकडूनसुद्धा. एकदा त्याने स्वतःच्या साळ्याची जोडी आधी सुटली म्हणून पट रद्द केला होता. साळा वर्षभर घरी आला नाही आणि वहिनी आजही भाजीत मीठ जास्त पडलं की तो विषय काढते. मध्ये काही वर्षं पटावर बंदी आली, तेव्हा भाऊ हिवाळाभर उदास असायचा. मग अटी घालून परवानगी मिळाली. टोकदार काठी नको, डॉक्टरचा दाखला हवा, पोलीस हजर हवेत. भावाला अटी फार आवडल्या. "आता कसं, कायद्यातलं काम झालं," म्हणायचा.

आता रस्त्याचं सांगते. आमच्या बाजूने नवा रुंद रस्ता झाला आणि रविवारी सकाळी त्यावर पोट्ट्यांच्या मोटारसायकली धावायला लागल्या. मी स्कूटीवर मेथीच्या जुड्या घेऊन निघाले की बाजूने असा आवाज जायचा की जीव थाऱ्यावर राहायचा नाही. मी ठाण्याच्या शांतता समितीत आहे. तिथे उभी राहून मी म्हटलं, समज बिमज पुरे झाली, गुन्हे दाखल करा.

ठाणेदार नवे होते, कोल्हापूरकडचे, शांत बोलणारे. म्हणाले, "ताई, गुन्हा लावला तर पोरगं नोकरीला मुकतं. समज दिली तर पुढच्या रविवारी परत येतं. दोन्हीतलं एक रोज निवडावं लागतं."

"निवडता कशावरून?" मी विचारलं.

"पोरगं पाहून."

हे उत्तर माझ्या डोक्यातून जाईना. पोरगं पाहून म्हणजे नेमकं काय पाहून? कपडे, आडनाव, की बाप कुणाला फोन करू शकतो ते? मी तसं विचारलंही. ते हसले आणि म्हणाले, "तुम्ही तिकीट नसलेला प्रत्येक माणूस दंडात घेत होता का?" घेत नव्हते. म्हातारी बाई असली तर पुढच्या थांब्यावर उतरवून द्यायची. कुणाला उतरवायचं आणि कुणाला दंड, हे मी कसं ठरवत होते ते मला आज विचाराल तर सांगता येणार नाही. माणूस पाहूनच ठरवत असणार.

इकडे पोट्ट्यांमध्ये वेगळीच भानगड सुरू झाली. कोण आधी निघालं यावरून दर रविवारी भांडणं, एकदा तर डोकी फुटायची वेळ आली. तेव्हा त्यांच्यातल्या कुणाला तरी माझा भाऊ आठवला. ते वाडीत आले आणि म्हणाले, "काका, तुमी झेंडी द्या. तुमच्या शब्दावर कोणी बोलणार नाई."

दुसऱ्या कुणाला हे सुचलं नसतं आणि दुसरा कुणी हो म्हटला नसता. भाऊ म्हटला. त्याच्या मते बैलांच्या पटाचा कायदा झाला होता तो शर्यतीचाच कायदा होता. अटी पाळल्या की झालं. त्याने स्वतःच्या अटी घातल्या. डोक्यावर हेल्मेट पाहिजे, एका वेळी दोनच गाड्या, दोन्ही टोकांना माणूस उभा, रस्त्यावर गुरं किंवा बायामाणसं दिसली तर झेंडी पडणार नाही. मला त्याने काही सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे. सांगण्यासारखं त्यात त्याला काही वाटलंच नव्हतं.

पहिल्याच रविवारी जोडी सुटली आणि पाठोपाठ पोलिसांची गाडी आली. पोट्टे पांगले. ज्या दोन गाड्या धावत होत्या, त्यांवरची दोन पोरं पुढच्या टोकाला अडवली गेली. आणि इकडे धुतलेलं धोतर, टोपी आणि हातात झेंडी घेऊन माझा भाऊ रस्त्याच्या कडेला उभा. पळून का नाही गेला, असं मी नंतर विचारलं तर मलाच वेड्यात काढलं. "झेंडीवाला पळते का कुठं?"

मला फोन आला तेव्हा मी वांगी तोडत होते. ठाण्याच्या आवारात पोहोचले तर अर्धा गाव आधीच हजर. कडुनिंबाखाली सभाच भरली होती. एका पोराचा बाप ट्रकवर ड्रायव्हर, तो हात जोडून उभा होता. त्याच्या पोराचं पोलीस भरतीचं ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणी, निघालं होतं, लेखी परीक्षा व्हायची होती. त्याच्यावर गुन्हा लागला तर चारित्र्य पडताळणीतच सगळं संपणार. एक निवृत्त गुरुजी म्हणत होते, कायदा सर्वांना सारखा, माफी दिली की उद्या कुणाचं तरी लेकरू चिरडलं जाईल. त्यावर पलीकडून एक जण ओरडला, "बैलांले परवानगी हाय, अन् पोट्ट्यांले काऊन नाई? बैल काय टॅक्स भरते?" लोक हसले. गुरुजी नाही हसले आणि खरं सांगायचं तर मलाही हसू आलं नाही. गुरुजी बोलत होते ती भाषा माझीच होती. मीच मागितलेला गुन्हा आता माझ्या भावाच्या दारात उभा होता.

पण डोक्यात प्रश्न आला की तो तोंडावाटे निघाल्याशिवाय राहत नाही. मी विचारलं, "साहेब, शर्यत म्हणजे काय हो? दोन गाड्या जोरात गेल्या की झाली शर्यत? मंग आमची एसटी अन् काळी-पिवळी जीप सवारीसाठी रोज काय करत होत्या?"

ठाणेदार म्हणाले, "तोच तर मुद्दा आहे, ताई. नुसत्या जोरात गेल्या तर वेगाचा दंड, समज, आणि घरी. पण ठरवून, कुणीतरी सोडून, कोण पहिलं ते पाहण्यासाठी गेल्या असतील तर ती शर्यत. मग पळणाऱ्यांवर गुन्हा, आणि लावणाऱ्यावरही."

मग ते भावाकडे वळले. त्याला खुर्ची दिलेली होती, पण तो बसला नव्हता.

"काका, मला एकच सांगा. झेंडी पडली होती का?"

ठाणेदारांनी आवाज खाली आणला. "नीट आठवून सांगा. तुम्ही उभे होतात हे आम्ही पाहिलं. झेंडी पडताना आम्ही कुणी पाहिलं नाही. पोरं आपली आपणच निघाली असतील, तर प्रकरण वेगळं होतं."

दार उघडून दिलं होतं त्यांनी. सगळ्यांना दिसत होतं, ट्रकवाल्या बापालाही. तो भावाच्या तोंडाकडे असा पाहत होता की मला तिकडे पाहवेना. आणि मला, त्याच्या सख्ख्या बहिणीला, मनातल्या मनात ओरडावंसं वाटत होतं: म्हण ना रे बाबा, नाही पडली म्हण! तुझ्यावर गुन्हा लागला तर पटाची परवानगी मागणारे तुझं नाव तरी घेतील का?

भावाने झेंडी या हातातून त्या हातात घेतली. म्हणाला, "झेंडी पडाच्या आधीच सुटले पोट्टे. म्या पट धरला नाई."

बस. ठाणेदारांनी मान हलवली. पोरांना दंड झाला, सगळ्यांसमोर समज मिळाली, आईबापांना बोलावून घेतलं. ट्रकवाला भावाच्या पाया पडायला वाकला तर भाऊ दोन पावलं मागे सरला. गुरुजी पुटपुटत गेले. मी भावाला स्कूटीवर मागे बसवलं आणि इतकी खुशीत होते की वाटेत त्याला जिलेबी घेऊन दिली. ती त्याने तशीच पुड्यात धरून ठेवली.

वाडीच्या फाटकाशी मी विचारलंच. "भाऊ, खरंच आधी सुटले होते का रे?"

तो वांग्यांकडे वळला. मग म्हणाला, "नाई बाई. झेंडीवर सुटले. एकदम साफ. इतकी साफ सुटलेली जोडी म्या लय दिवसांत पाह्यली नाई."

मी म्हटलं, जाऊ दे. पोराचं भलं झालं, तुझं झालं, कुणाचं काही गेलं नाही. दोन दिवसांनी ती पोरं पेढे घेऊन आली. "काका, काय दिमाग लावला तुमी! मानलं बाप्पा!" असं म्हणून खिदळत होती. भावाने पेढा घेतला, त्यांना चहा पाजला आणि रस्त्यावर परत दिसले तर तंगडं तोडीन म्हणाला. मला वाटलं, मिटलं सगळं.

हिवाळ्यात तळेगावाकडची माणसं पटाचं बोलावणं घेऊन आली. भावाने त्यांना नीट बसवलं, वहिनीने चहा दिला, आणि भाऊ म्हणाला, "यंदा दुसरा माणूस पाहा." तब्येत का, घरी काही कार्य का, मानपानाचं काही राहिलं का, त्यांनी सगळं विचारून झालं. भाऊ प्रत्येकाला नाही म्हणत राहिला. ती माणसं गेली आणि माझं डोकं फिरलं.

"कायले नाटकं करून राह्यला तू? दुनिया खोटं बोलते. तू तं कोणाच्या भल्यासाठी बोलला!"

"भलंच झालं. म्या कुठं नाई म्हणतो?" तो म्हणाला. "तो टाईम परत आला तं परत तसाच बोलीन. पण उद्या म्या म्हटलं का तुझी जोडी आधी सुटली, तं त्या मालकाले कसं कळीन, हा खरं बोलून राह्यला का ठाण्यातलं?"

"त्याले काय मालूम ठाण्यातलं?"

"मले मालूम हाय ना."

मी कपबशा उचलून आत गेले.

पटाला मी एकटी गेले. भावाला न जाणं जमलं, मला नाही जमलं. आणि खरं म्हणजे त्याच्याशिवाय पट कसा होतो ते मला पाहायचं होतं. भांडणं झाली, दुसरं काय. दोन मालक एकमेकांच्या अंगावर गेले, नवा झेंडीवाला कधी इकडचं म्हणे कधी तिकडचं, शेवटी पुन्हा पळवायचं ठरलं आणि एक मालक जोडी घेऊन रागाने निघूनच गेला. आमचे ठाणेदार पाहुणे म्हणून आले होते. ते गर्दीतून माझ्याकडे आले.

"ताई, काका दिसत नाहीत?"

मी सांगून टाकलं. बोलावणं आलं होतं तेही, आणि तो काय म्हणाला तेही. ते ऐकत असताना समोर धुराळा बसत होता. मग त्यांना मी माझा प्रश्न विचारला. "साहेब, झेंडी पडली होती हे तुमाले त्या दिवशीच माहीत होतं ना?"

"होतं."

"मंग विचारलं काऊन त्याले? तुमच्या हातात होतं तं तुमीच सोडून द्याचं!"

त्यांनी एकदा आजूबाजूला पाहिलं. मग म्हणाले, "मला खोटं लिहिता येत नाही, ताई. कुणी सांगितलं तर ऐकता येतं."

मला त्यांचा संताप आला. ट्रकवाल्याचं पोरगं लेखी पास झालं होतं, हे त्यांनीच मला समितीच्या बैठकीत आनंदाने सांगितलं होतं, त्यामुळे संताप करायलाही तोंड नव्हतं. मैदानात पुढच्या दोन जोड्या उभ्या राहिल्या. नव्या माणसाने झेंडी वर केली, आणि ती पडायच्या आधीच दोन्हीकडचे लोक ओरडायला लागले.