प्रभाकररावांची एकादशी

प्रभाकरराव टेंभेकर आमच्या घरी पहिल्यांदा आले ते टेपरेकॉर्डर दुरुस्त करायला. नव्वदच्या सुमाराची गोष्ट असेल. माझा मुलगा इथे देवासला कारखान्यात लागला म्हणून आम्ही धारहून इकडे आलो होतो, आणि प्रभाकरराव त्याच्याच खात्यात मशिनींच्या देखभालीला होते. टेप त्यांनी अर्ध्या तासात चालू केला. मग आतली कॅसेट काढून विचारलं, "काकू, यात काय आहे?" मी म्हटलं, आमच्या नातीचे, सईचे बोबडे बोल आहेत. त्यांनी पेचकसाने कॅसेटच्या पाठीवरच्या दोन्ही खुंट्या तटकन मोडल्या. मी घाबरलेच, चांगली कॅसेट मोडली म्हणून. तर म्हणाले, "आता हिच्यावर कोणी चुकूनही दुसरं काही भरू शकणार नाही." चहा घेतला, साखर कमी हवी म्हणाले आणि गेले.

ती कॅसेट अजून वाजते. सईचं आता कॉलेज संपत आलं.

त्यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या पुस्तकात मी लिहावं असं इथल्या मराठी मंडळातल्या लोकांनी घरी येऊन सांगितलं तेव्हा मला हीच कॅसेट आठवली. मी धारच्या शाळेत चौथीपर्यंत शिकले. बाकीचे लोक त्यांच्या कारखान्यातल्या कामाबद्दल लिहितील, ते मला कळत नाही. मला आमच्या घरातला कॉम्प्युटर कळतो, तोही त्यांच्यामुळे.

सईला गाण्याचं वेड. ती गाते, वाजवते आणि कॉम्प्युटरवर एकावर एक आवाज चढवून गाणं तयार करते. मागची खोली तिला दिली. दारं-खिडक्यांना जुन्या गोधड्या लावल्या, कारण रस्त्यावरच्या बसचा भोंगा गाण्यात येतो. कॉम्प्युटर जुळवून दिला प्रभाकररावांनी. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं की या कॉम्प्युटरला इंटरनेटची तार जोडायची नाही, हा फक्त गाण्याचा. मी म्हटलं, म्हणजे याला सोवळ्यात ठेवायचं. ते हसले. "काकू, सोवळं नाही. ऑपरेशनच्या खोलीत जाताना डॉक्टर हात धुतात ना, तसं."

पण जगात रोज नवे रोग निघतात, कॉम्प्युटरचेही. त्यांची लस घ्यावी लागते. आतली जी जी सॉफ्टवेअरं, त्यांच्याही दुरुस्त्या येत राहतात. हे सगळं प्रभाकरराव स्वतःच्या घरच्या कॉम्प्युटरवर उतरवून घेत, सीडीवर भरत आणि एकादशीला आमच्याकडे आणत. एकादशीच का, तर त्या दिवशी त्यांना उपास, मला उपास, आणि सई म्हणायची की आजीचा उपास असला की घरात गाणं होत नाही, नुसता दाण्यांचा खलबत्ता वाजतो. म्हणून कॉम्प्युटरलाही त्या दिवशी उपास. नवं गाणं भरायचं नाही. झाडपूस, लस आणि झालेल्या गाण्यांची प्रत काढायची. प्रत काढली की ते कानाला हेडफोनचं यंत्र लावून ती ऐकत. सगळी नाही, पण प्रत्येक गाण्याचा थोडा थोडा भाग. मी एकदा म्हटलं, आत्ताच तर काढलीत, लगेच काय ऐकता? म्हणाले, "ऐकली नाही तोवर ती प्रत आहे हे मी मानत नाही."

सई तरुण, तिला घाई. एकदा म्हणाली, "काका, नवं व्हर्जन आलंय. इंदौरमध्ये सगळ्यांनी टाकलं, मीच मागे राहिले." प्रभाकरराव म्हणाले, "आधी माझ्याकडे एक पंधरवडा नांदू दे. या एकादशीला माझ्याकडे, पुढच्या एकादशीला तुझ्याकडे." ती फुरंगटून बसली. पुढच्या एकादशीला ते रिकाम्या हाताने आले. "माझा कॉम्प्युटर मुका झाला. गाणं सुरू करतो, पडद्यावर रेघा नाचतात, आवाज नाही. तुझा गातोय ना? मग गाऊ दे. दुरुस्ती आली की बघू." सईने त्या दिवशी कोणी न सांगता त्यांना साबुदाण्याची खिचडी वाढली.

आणखी एक. सईची शाळा हिंदीची. मराठी ती बोलते फर्राट, वाचताना अडखळते. म्हणून कॉम्प्युटरशेजारी चिकटवायची पर्ची प्रभाकररावांनी दोन्हीत लिहिली, तिच्यासाठी हिंदीत आणि माझ्यासाठी मराठीत, मोठ्या अक्षरात. "दुसऱ्या कॉम्प्युटरवरून आलेली कुठलीही सीडी आधी माझ्याकडे द्यावी", आणि खाली त्यांची सही. मला वाचता यावं म्हणून कोणी मुद्दाम लिहावं असं माझ्या आयुष्यात फार वेळा झालेलं नाही.

आता अक्काचं सांगते, कारण खरं लिहायचं ते हेच आहे.

अक्का माझी थोरली बहीण, धारला असते. आमच्या आईच्या वेळची लग्नातली गाणी, घाण्याची, हळदीची, विहिणींना चिडवायची, पाठवणीची, एकट्या अक्काला येत. मला अर्धीमुर्धी. सईच्या डोक्यात आलं की ही भरून ठेवायची. त्या थंडीत अक्का आठ दिवस आमच्याकडे येऊन राहिली. गोधड्यांच्या खोलीत पंखा बंद, घड्याळ बाहेर, आणि अक्का पाटावर मांडी घालून गायची. मध्येच थांबून सईला विचारायची, "का गं, यात माझा खोकला पण जातो का?" सई म्हणायची, "जातो, पण मी कापते." अक्का म्हणायची, "तर मग तुझ्या आजीची बडबडही काप."

एकादशीला प्रभाकररावांनी तोवरच्या गाण्यांची प्रत काढली. पाठवणीचं गाणं राहिलं होतं. अक्का म्हणत होती की ते उगाच म्हणायचं नसतं, घरातून कोणी निघताना म्हणायचं. दोन दिवसांनी तिची स्वतःची निघायची वेळ झाली, तेव्हा बॅग दाराशी ठेवून ती पाटावर बसली आणि ते म्हटलं. आम्ही दोघी बहिणी रडलो. प्रभाकरराव तिला बसमध्ये बसवायला आले होते. ते आत गेले, थोड्या वेळाने एक सीडी घेऊन बाहेर आले आणि ती अक्काच्या हातात दिली. "ज्याने गायलं त्याच्याकडे त्याच दिवशी एक प्रत जायला हवी. उन्हात नको, ओलीत नको." मला वाटलं, आठवण म्हणून दिली असेल.

त्यानंतर आठवड्यात अक्काला लकवा झाला. जीव वाचला, पण बोलणं गेलं.

तिची तब्येत सांगायला तिचा मुलगा बाळू देवासला आला. येताना त्याच्या मुलीच्या लग्नाची सीडी घेऊन आला. म्हणाला, "मावशी, यात आई आहे, चांगली चालती-फिरती." पुढच्या एकादशीला दोन दिवस होते. सई इंदौरला कॉलेजात, मुलगा ड्यूटीवर. आमचा सीडी प्लेअर बिघडलेला. पर्ची माझ्यासमोर होती आणि ती मला नीट वाचता येत होती. पण आपल्याच घरच्या लग्नाची सीडी, आपला भाचा घेऊन आलेला. घरच्या माणसाला दारात थांबवून कोणी झडती घेतं का? मी म्हटलं, "लाव की."

अक्का दिसली. हिरवं नऊवारी, विहिणीशी हसून बोलत होती. काय बोलत होती ते ऐकू आलं नाही, वरून बँड वाजत होता.

दुसऱ्या दिवशी सईने कॉम्प्युटर लावला तर गाण्यांच्या फाइली उघडेनात. दुपारनंतर तो सुरूच होईना. "आजी, हे खुलतच नाहीये. अक्काआजीची गाणी आहेत यात." मी कणीक मळत होते, मळत राहिले. बाळू खाली मान घालून बसला होता.

एकादशीला प्रभाकरराव आले. कॉम्प्युटर पाहिला, पर्ची पाहिली, मग स्वयंपाकघरात येऊन माझ्यासमोर पाटावर बसले. "काकू, काय लावलं होतं ते सांगा. कोणी लावलं ते नका सांगू." मी सगळं सांगितलं, मीच लावायला सांगितलं हेही. एक दिवस गप्प राहिले हेही. ते म्हणाले, "तुम्ही सांगितलंत म्हणजे आता अंदाजाने शोधायला नको." बस, इतकंच. त्यानंतर आजतागायत त्यांनी हा विषय माझ्यासमोर काढलेला नाही, म्हणून मीच इथे लिहून टाकते आहे.

कॉम्प्युटर पुसून पुन्हा मांडावा लागणार होता. मागच्या एकादशीची प्रत कपाटात होती, ऐकलेली, पक्की. फक्त पाठवणी तीत नव्हती. सईने विचारलं, "मग ते गेलंच का?" अक्काला आता पुन्हा म्हणता येणार नव्हतं, आणि मला ते पूर्ण येत नव्हतं. आमच्या घरातून ते गाणं माझ्या एका "लाव की"ने गेलं असतं.

प्रभाकरराव बाळूकडे वळले. "अक्कांना निघताना मी सीडी दिली होती, ती कुठे आहे?"

बाळूचं तोंड उतरलं. "भिया," आमच्या माळव्यात भाऊला असंच म्हणतात, "ती आमच्या प्लेअरवर लागली नाही. पोरांनी खराब झालेल्या सीड्या गॅलरीत टांगल्यात, कबुतरं यायला नको म्हणून. त्यात गेली असेल तर..."

"चला," प्रभाकरराव म्हणाले. उपाशीपोटी. मी, बाळू आणि ते, इंदौरला बस बदलून धारला पोचलो. गॅलरीत पाच-सहा सीड्या वाऱ्यावर गरगर फिरत होत्या. त्यांनी एकेक खाली घेतली, उलटसुलट पाहिली. आमची त्यात नव्हती. मी अक्काच्या खाटेशी बसले. तिचं पांघरूण सारखं करत राहिले. तेव्हा प्रभाकरराव वाकून तिला म्हणाले, "अक्का, तुमची पाठवणी कुठे ठेवलीत?"

अक्काचा डावा हात चालत होता. तिने देवघराकडे दाखवलं. तिथे तिची पोथी होती, बासनात बांधलेली. गाठ सोडली तर पोथीच्या खाली, पानांच्या आणि फळीच्या मध्ये, सीडी. उन्हात नाही, ओलीत नाही. प्रभाकररावांनी आधी देवाला नमस्कार केला आणि मग अक्काला.

आता यांचा स्वभाव बघा. दुसऱ्या दिवशी देवासला परत आलो, सईने त्यांनी सांगितल्याप्रमाणे कॉम्प्युटर स्वच्छ मांडून ठेवलेला, आणि हे सीडी खिशात घालून स्वतःच्या घराकडे निघाले, आधी तिकडे तपासायला. बाळू सोबत परत आला होता, तो म्हणाला, "भिया, आईची सीडी आहे. पोथीतून निघालेली. तिलाही तपासायचं?"

"बाळासाहेब, काल आईंना भेटायला गेलो तेव्हा मीसुद्धा पाय धुऊनच आत गेलो की नाही?"

तासाभराने आले. गाणं लागलं. सुरुवातीला अक्काचा खोकला, मग माझं "पाणी देऊ का", आणि मग तिचा आवाज. सईने खोकला कापला नाही. माझी बडबडही कापली नाही.

प्रभाकररावांनी त्यानंतर सगळं सईला शिकवलं. प्रत कशी काढायची, लस कशी आणायची, नवं आधी दुसरीकडे पंधरवडाभर कसं नांदवायचं. मला एक काम दिलं. एकादशीला कानाला यंत्र लावून मी प्रती ऐकते आणि वहीत प्रत्येक गाण्यापुढे खूण करते. ते म्हणाले की या गाण्यांत एक शब्द जरी इकडचा तिकडे झाला तरी तो काकूंनाच कळेल. गेल्या वर्षी धारला अक्काच्या धाकट्या नातीचं लग्न झालं. मुलगी निघताना सईने ते गाणं लावलं. अक्का खुर्चीत बसून डाव्या हाताने मांडीवर ताल देत होती. प्रभाकरराव मागे उभे होते. जेवायला बसा म्हणून तीनदा सांगावं लागलं.

प्रभाकररावांपेक्षा मी मोठी, म्हणून आशीर्वाद द्यायचा मला अधिकार आहे. त्यांचे कान असेच तीक्ष्ण राहोत, गुडघे कुरकुर न करोत, पंचाहत्तरीच्या पुस्तकात सईने लिहावं आणि ते त्यांनी चष्म्याशिवाय वाचावं. सईला आता सगळं येतं, त्यांना येण्याची गरज उरलेली नाही. तरी दर एकादशीला ते येतात. अशाच पुष्कळ एकादश्या त्यांना मिळोत. या खेपेला वही माझ्या हातून घेऊन म्हणाले, "काकू, पाठवणीपुढे खूण नाही केलीत." मी सांगितलं, ते तुम्ही आलात की आपण दोघांनी मिळून ऐकायचं, म्हणून ठेवलंय.