बजरंगभाऊंच्या पाटीवरची मोकळी जागा

लोहगडवाडीत गडाच्या पायऱ्या लागण्याआधी उजव्या हाताला बजरंग खांडभोरांचं भोजनालय आहे. पिठलं-भाकरी, कांदाभजी, ताक. वर निळी ताडपत्री, खाली चार बाकं आणि दर्शनी एक पत्र्याची पाटी. गेल्या पावसाळ्यापर्यंत त्या पाटीवर 'माजी', मग हातभर मोकळी जागा आणि मग 'भोजनालय' एवढंच होतं.

गड चढायला आलेली मुलं पाटी वाचायची आणि पुढं जायची. एखादी धीट मुलगी थांबून विचारायची, "काका, हे बंद झालं का? नवीन कुठंय?"

"चालूच हाय, बस," बजरंगभाऊंच्या पत्नी शालूबाई तव्यावरून नजर न काढता म्हणायच्या. "माजी हायती त्ये आमचं मालक. भाकर आत्ताची हाय."

मोकळ्या जागेत पूर्वी 'सैनिक' हा शब्द होता. सात वर्षांपूर्वी सुभेदार श्रीपती जांभुळकर पांढऱ्या रंगाचा डबा, ब्रश आणि फूटपट्टी घेऊन आले. सुभेदार आमच्या भागातल्या माजी सैनिकांच्या संघटनेचे अध्यक्ष. इस्त्रीचा शर्ट, पायांत चकचकीत बूट, बोलणं मोजकं. "नियम क्रमांक चार," ते म्हणाले. "शिक्षा म्हणून फौजेतून काढलेल्या माणसाला हा शब्द वापरता येत नाही." मग स्टुलावर चढून त्यांनी तेवढाच शब्द पुसला. शेजारच्या अक्षरांना ब्रशचा केससुद्धा लागू दिला नाही. उतरून एक ग्लास ताक प्यायले, ताक चांगलं आहे म्हणाले आणि गेले.

शालूबाईंचं म्हणणं होतं, त्या जागेत 'शालूबाई' लिहून टाकावं. बजरंगभाऊ ऐकेनात. "जागा ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "शब्द रजेवर गेलाय. यील."

बजरंगभाऊ साठीचे आहेत. उंची बेताची, मिशी मात्र उंच माणसाची. त्यांच्याकडे भजी हवी असतील तर ओळीत उभं राहून डावीकडून नंबर म्हणावा लागतो. चुकला तो ओळीच्या शेवटी. एकदा पिंपरीच्या कुठल्याशा कंपनीतले चाळीस जण आले होते. त्यांचे मॅनेजर सतराऐवजी सत्तावीस म्हणाले आणि टोकाला गेले. त्यांची पाळी येईपर्यंत बेसन संपलं. ते गृहस्थ अजून दर वर्षी येतात आणि सतरा अगदी स्पष्ट म्हणतात.

"ह्यांची फौज सात वर्सांची," शालूबाई म्हणतात, "आन गोष्टी पस्तीस वर्सांच्या. लडाख मला न बगता पाठ हाय."

ही सात वर्षं अशी. भाऊ एकोणिसाव्या वर्षी भरती झाले, ट्रक चालवायला. कामात खोट नव्हती. पण दर चैत्रात गावची जत्रा येई आणि जत्रेत बैलगाड्यांची शर्यत. खांडभोरांचा बैल होता राघू. धावायचा छान, पण मानेवर जू घ्यायचा ते फक्त बजरंगभाऊंच्या हातून. दुसरं कोणी जू घेऊन आलं की तो खाली बसायचा, आणि एकदा बसला की चार माणसं आणि गुळाची अख्खी ढेप लावली तरी उठायचा नाही. जत्रेची तिथी ठरलेली. शर्यतीची तारीख मात्र पंचांच्या भांडणावर. ती पुढं जायची, भाऊंची रजा संपायची, आणि मग भाऊ लोणावळ्याला जाऊन तार करायचे: 'आई गंभीर आजारी. रजा वाढवावी.'

रजा वाढायची नाही, भाऊ थांबायचे. परत गेले की शिक्षा व्हायची आणि कागदावर लाल शाईची एक नोंद पडायची. तीन चैत्रांत तीन झाल्या. चौथ्या चैत्रात चौथी झाली, आणि चार लाल नोंदी झालेल्या माणसाला फौज ठेवून घेत नाही. भाऊ घरी आले. सोबतच्या पुस्तिकेत लिहिलं होतं: 'शिक्षा म्हणून सेवामुक्त. वर्तणूक : बेताची.'

ज्यांच्या आजारपणामुळे हे सगळं झालं त्या आक्काबाईंना मात्र आपण कधी आजारी होतो याची खबरच नव्हती. आक्का आता चौऱ्याऐंशीच्या आहेत. डावा हात कायम पदराखाली आणि जीभ कायम बाहेर. "मी डाक्टरचं तोंड बगितल्यालं न्हाई," हे त्या पाहुण्याला पाणी देण्याआधी सांगतात. तालुक्यात दुसऱ्या कुणी असं म्हटलेलं त्यांना चालत नाही.

दोन वर्षांपूर्वी बजरंगभाऊ प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळे कागद घेऊन माझ्याकडे आले. मी त्यांच्या गावातल्या शाळेत बरीच वर्षं शिकवलं, त्यामुळे गावाचे अर्ज अजून माझ्याकडेच येतात.

"बाई, फौजंला अर्ज लिवायचाय."

"पेन्शनचा?"

"न्हाई. शब्दाचा." त्यांनी पिशवीतून एक वही काढली. नात सृष्टी तेव्हा तिसरीत होती, तिचा निबंध होता. विषय, माझे आजोबा. पहिलंच वाक्य होतं: 'माझे आजोबा माजी आहेत.' खाली पाटीचं चित्र, मोकळ्या जागेसकट. गुरुजींनी दहापैकी नऊ दिले होते.

"अजून जित्ता हाय मी," भाऊ म्हणाले. "त्यो शिक्षेचा शेरा काडा म्हनावं. बाकी कायबी नको."

मी लिहायला बसले. "उशीर होण्याचं कारण काय लिहू?"

"आई आजारी व्हती."

"चारही वेळा?"

भाऊ चपलेकडे बघू लागले. गृहपाठाची वही घरी राहिली म्हणणारी मुलं अशीच चपलेकडे बघतात. "कागदावर हाय त्येच लिवा," ते म्हणाले. "दोन ठिकानी दोन कारनं कशी द्याची?" मी 'अर्जदाराच्या म्हणण्यानुसार' असं लिहून स्वतःची सोय करून घेतली.

आठ महिन्यांनी उत्तर आलं. देहूरोडला फौजेची समिती अर्ज ऐकणार होती. 'अर्जदाराने आईच्या आजाराच्या पुराव्यासह हजर राहावे.' हे वाचून मी कागद उलटा ठेवला. बजरंगभाऊंचा चेहरा मात्र उजळला.

"पुरावा घरातच हाय की! आईलाच नेतो."

"अहो, आक्कांना नेऊन आजार कसा सिद्ध होणार? त्या माझ्यापेक्षा धडधाकट आहेत."

"आई हाय, येवडं तर सिद्ध हुईल? निम्मं काम तितंच झालं."

त्यांना यापुढं काही सांगण्यात अर्थ नव्हता. ठरल्या दिवशी आम्ही मळवलीला लोकल धरली. नवी नऊवारी नेसलेल्या आक्का, कोट घातलेले बजरंगभाऊ आणि मी. सुभेदार जांभुळकर समोरच्या बाकावर आधीच बसलेले होते. छातीवर पदकं, मांडीवर फाइल. संघटनेच्या वतीनं त्यांनाही बोलावलं होतं. घोरावाडी स्टेशनाला आक्कांनी भाकरीचं फडकं सोडलं, पहिला तुकडा सुभेदारांपुढं धरला आणि विचारलं, "श्रीपा, कशाला चाललोय रं आपन?"

सुभेदार खिडकीबाहेर बघू लागले. "सायबाला भेटाया, आये," बजरंगभाऊ घाईनं म्हणाले.

साहेब निघाल्या बाई. नागपूरकडच्या एक कर्नल मॅडम, चष्मा कपाळावर, शेजारी दोन अधिकारी आणि समोर पिवळे पडलेले कागद. मॅडमनी वाचायला सुरुवात केली. "सत्त्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी, एकोणनव्वद, नव्वद. दर वेळी चैत्र. दर वेळी आई गंभीर आजारी. एकोणनव्वदच्या तारेत तर 'आई शेवटच्या घटका मोजत आहे' असं आहे."

"कुनाची आई?" आक्कांनी विचारलं.

"यांची. म्हणजे तुम्ही, आजी."

आक्का सावकाश मुलाकडे वळल्या. "बज्या, मला मारलंस? सरकारी तारंनं?"

"तसं न्हाई, आये..."

"त्या चैतात मी येकटीनं दोन पायल्या नाचनी दळली! काय म्हनं घटका मोजती! पोरी, लिव. मला आयुष्यात शिंक बी आल्याली न्हाई."

मॅडमच्या शेजारच्या अधिकाऱ्याला एकदम खोकला आला. बजरंगभाऊ उठून सावधान उभे राहिले. "खरं सांगतो, मॅडम. तीन वेळा बैल व्हता."

"बैल आजारी होता?"

"न्हाई. बैल बी ठणठनीत व्हता." आणि त्यांनी राघूची सगळी हकिगत सांगितली, जू, गुळाची ढेप आणि पहिला आलेल्या दोन सालांसकट. मॅडमनी ती पूर्ण ऐकून घेतली.

"हे तीन झाले," त्या म्हणाल्या. "नोंदी चार आहेत."

बजरंगभाऊंनी आक्कांकडे पाहिलं. आक्कांनी वरच्या पंख्याकडे पाहिलं.

"चौथ्या वेळीही शर्यतच असणार. मग अर्ज इथंच संपला," मॅडम म्हणाल्या आणि पेनचं टोपण काढलं.

तेवढ्यात सुभेदार उठले. "परवानगी असावी. नव्वद साली शर्यत झालेली नाही. मी रजेवर गावातच होतो. पहिली गाडी कुणाची सुटणार यावरून आमच्याच भावकीनं भांडण काढलं आणि पंचांनी शर्यत रद्द केली. मी वेळेवर हजर झालो. हे अठरा दिवस उशिरा. का, ते मला पस्तीस वर्षं कळलेलं नाही. पण शर्यतीसाठी नाही. खरं ते खरं."

"मग कशासाठी?" मॅडमनी विचारलं.

"सांगता येत न्हाई," बजरंगभाऊ म्हणाले. "शब्द दिलाय."

"अहो, त्या एका कारणावर तुमचा सगळा अर्ज उभा आहे."

"व्हय, मॅडम." आणि ते तसेच उभे राहिले. कोटाच्या बाहीतून नुसती बोटांची टोकं दिसत होती. कोट जावयाचा होता.

आक्कांनी पदर सारला आणि डावा हात टेबलावर ठेवला. इतक्या वर्षांत मी तो पहिल्यांदा पाहिला. कोपरापाशी तो चुकीच्या बाजूला वळलेला होता.

"राघूनं मोडला," आक्का म्हणाल्या. "शर्यत झाली न्हाई म्हनून दाव्याला येडा झालता. वैरन टाकाया गेले तर धडकच दिली. ह्यो दुसऱ्या दिशी फौजंत जानार व्हता. शाली म्हायेरी, बाळंतपनाला. मंग ह्येनंच शेन काडलं, भाकरी थापल्या, माजी येनी घातली. अशी येनी की अठरा दिस डोईवरचा पदर काडला न्हाई मी. हाड कामशेतच्या म्हाताऱ्यानं बसवलं, त्ये असं. मीच म्हनले, बज्या, कुनाला बोलायचं न्हाई. धनिनीलाच मारलं म्हनल्यावर गावानं राघूला काय म्हनलं असतं? त्येचं नाव गेलं असतं."

मॅडमनी उठून तो हात दोन्ही हातांत घेतला आणि कोपर नीट पाहिलं. "म्हणजे नव्वद साली तुम्ही खरंच आजारी होता."

"आजारी न्हाई, पोरी! हात मोडल्याला. हात मोडनं म्हंजी आजार न्हवं."

"बरं," म्हणून मॅडमनी काहीतरी लिहिलं. आक्का टाचा उंचावून वाचू पाहत होत्या. त्यांना वाचता येत नाही.

परतीच्या गाडीत आक्का मुलाशी एक अक्षर बोलल्या नाहीत. राहिलेली भाकरी त्यांनी सुभेदारांना दिली.

तीन महिन्यांनी निकाल आला. चौथी नोंद रद्द. तीन नोंदींवर माणूस काढता येत नाही, म्हणून 'शिक्षा म्हणून' हे शब्द वगळले. वर्तणूक 'बेताची' होती ती 'बरी' केली.

"चांगली न्हाई केली," बजरंगभाऊ जरा हिरमुसून म्हणाले.

"बरी बी लय झाली," शालूबाई म्हणाल्या. "तीन येळा आईला मारलंय तुमी."

त्याच रविवारी सुभेदार आले. या वेळी डबा लाल रंगाचा होता. फूटपट्टी तीच. स्टुलावर चढून त्यांनी आधी पेन्सिलीच्या रेघा मारल्या, मग अक्षरं काढली. बजरंगभाऊ स्टूल धरून उभे होते, पण सावधान उभे राहून स्टूल धरता येत नाही, म्हणून सुभेदार दोनदा डगमगले. 'माजी सैनिक भोजनालय' असं पूर्ण झाल्यावर ते खाली उतरले, चार पावलं मागं गेले आणि पाटी वाचली.

"शब्द सात वर्षं उशिरा हजर झाला," ते म्हणाले. "आता एक प्लेट भजी द्या."

"वळीत या, सुभेदारसाहेब," बजरंगभाऊ म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता, म्हणून त्यांनी तो पुन्हा काढला. "नंबर म्हना."

सुभेदार बाकाजवळ गेले, टाचा जुळवल्या आणि म्हणाले, "एक!" ओळीत दुसरं कोणीच नव्हतं.

मी भजी खात होते. आक्का माझ्याजवळ येऊन बसल्या आणि निकालाचा कागद पुढं केला. "बाई, मला सगळं वाचून दावा. काय गाळू नका."

मी वाचलं. तिसऱ्या परिच्छेदात होतं, 'सन १९९० मध्ये अर्जदाराची आई गंभीर आजारी असल्याचे सिद्ध झाले आहे.'

"ह्ये आसंच ऱ्हानार? कायमचं?"

"हो आक्का. सरकारी नोंद आहे ती."

आक्कांनी माझ्या पिशवीतली वही स्वतःच काढून माझ्या मांडीवर ठेवली.

"मंग माजा अर्ज लिवा. बज्याची आई कवाच आजारी न्हवती, म्हनावं. पुरावा म्हनून मी सोता येते." त्यांनी एक भजं उचललं आणि मी लिहायला लागले तसं पुन्हा बजावलं, "आन हात मोडला लिवा, पर बैलाचं नाव घालू नका."